तर्क आणि आचरण : नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि चांद्याचें अरण्य

गोंड राजांनीं उभारलेला चांद्याचा परकोट अद्याप उभा आहे. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे त्याचे चार मुख्य दरवाजे. इरई आणि झरपट या नद्यांचें त्यास सान्निध्य. आणि कोटाबाहेर महाकालीचें स्थान, जेथें चैत्री यात्रेस दूरदूरच्या गांवांहून लोक लोटतात. या कोटापलीकडे एके काळीं अरण्यास प्रारंभ होई, आणि तें वैनगंगा ओलांडून पूर्वेस भामरागडापर्यंत व दक्षिणेस सिरोंच्यापर्यंत पसरलेलें असे. १८५३ सालीं नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षीं त्यांचें राज्य खालसा झालें आणि चांद्यावर इंग्रजी अंमल बसला. त्या अंमलाविरुद्ध उठलेले बाबूराव शेडमाके यांस १८५८ सालीं चांद्यासच फांशी देण्यांत आलें. या घटनेस बारा-तेरा वर्षें होतात न होतात तोंच ख्रिस्ती धर्माचा एक उपदेशक या शहरीं येऊन राहिला. तो गोरा साहेब नव्हता. काशींत वाढलेला, शास्त्रें पढलेला तो कोंकणस्थ ब्राह्मण होता. आणि ज्या धर्माचा उपदेश करण्यास तो आला होता, त्याच धर्माच्या खंडनार्थ त्यानें ऐन तारुण्यांत एक संस्कृत ग्रंथ रचला होता. त्याचें नांव नीळकंठशास्त्री गोऱ्हे.

धर्माचें समर्थन तर्कानें होतें कीं आचरणानें, हा प्रश्न जुना आहे. ख्रिस्ती परंपरेंत या समर्थनास जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ न्यायासनापुढें केलेलें प्रतिपादन असा होय. सॉक्रेटिसानें अथेन्सच्या न्यायसभेपुढें जें भाषण केलें त्यासहि हाच शब्द लावितात. दुसऱ्या शतकांत जस्टिन नांवाच्या तत्त्वज्ञानें रोमच्या बादशहास उद्देशून ख्रिस्ती मताचें असें प्रतिपादन लिहिलें, आणि पुढें त्याच मतापायीं त्याला रोममध्यें देहदंड झाला. नव्या करारांत पीटरचें जें पहिलें पत्र आहे, त्याच्या तिसऱ्या अध्यायांत श्रद्धावंतानें विचारणाऱ्यास आपल्या आशेचें कारण सौम्यपणें व आदरानें सांगण्यास सिद्ध असावें असा उपदेश आहे. या उपदेशांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. कोणी विचारील तर उत्तर द्यावयाचें. परंतु कोणी विचारील केव्हां? उत्तर देणाऱ्याच्या जीवितांत विचारण्याजोगें कांहीं दिसेल तेव्हां. म्हणजे आचरण आधीं आणि तर्क मागून, असा हा क्रम आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा झाला. १८१३ च्या सनदेनें कंपनीच्या मुलखांत मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली, आणि मुंबई हें खंडनमंडनाचें मोठें क्षेत्र बनलें. १८३१ सालीं जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला व मोरभटांनीं ‘हिंदुधर्मस्थापना’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. १८५७ च्या पूर्वार्धांत विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशीं जे वाद केले ते ऐकण्यास लोकांची दाटी होत असे. या वादांनीं मराठी गद्यास धार आली, छापखान्यांस काम मिळालें, आणि उभयपक्षीं विद्वत्तेची कसोटी लागली. पण प्रतिपक्षाचा मुद्दा प्रामाणिकपणें पूर्ण समजून घेणारा वादी या गर्दींत दुर्मिळ होता. नीळकंठशास्त्र्यांचें वैशिष्ट्य हें कीं, ते दोन्ही पक्षांकडून लढले आणि दोन्ही वेळां मनापासून लढले.

त्यांचा जन्म १८२५ सालचा. बुंदेलखंडाशीं संबंध असलेलें त्यांचें घराणें काशीस स्थायिक झालेलें होतें. जॉन म्यूर या कंपनीच्या सनदी अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ नांवाची संस्कृत पुस्तिका लिहिली. खरा धर्म ओळखण्याच्या तीन खुणा त्यानें सांगितल्या: संस्थापकाचें चमत्कारसामर्थ्य, शास्त्राची पवित्रता आणि सर्व मानवजातीस तें लागू असणें. या पुस्तिकेस तीन पंडितांनीं संस्कृतांत उत्तरें दिलीं. पहिलें सोमनाथ या नांवानें लिहिणाऱ्या सुबाजी बापूंचें, दुसरें हरचंद्र तर्कपंचाननांचें आणि तिसरें १८४४-४५ च्या सुमाराचें तरुण नीळकंठशास्त्र्यांचें. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ असें त्यांच्या ग्रंथाचें नांव. त्याची छापील आवृत्ति उज्जयिनीहून १९५१ सालीं निघाली, म्हणजे ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनीं.

या ग्रंथांतील आक्षेप आजहि वाचकास विचार करावयास लावतात. एक मूल आंधळें जन्मतें आणि दुसरें राजवाड्यांत जन्मतें. पूर्वजन्मींचें कर्म न मानल्यास या विषमतेचें उत्तर काय? मुक्या जनावरांनीं कोणतें पाप केलें म्हणून त्यांच्या वांट्यास यातना याव्या? अल्पकाळ जगणाऱ्या माणसाच्या पापास अनंतकाळची शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा? आणि जें ज्ञान मुक्तीस आवश्यक, तें त्यानें इतक्या उशिरां आणि पृथ्वीच्या एकाच कोपऱ्यांत कां प्रकट करावें? म्यूर शास्त्राला बुद्धीच्या तराजूंत तोलीत होते. नीळकंठशास्त्र्यांचें म्हणणें असें कीं, श्रद्धेवांचून केवळ बुद्धीनें शास्त्राचा न्याय करूं पाहणें हीच मूळ चूक होय.

अशा माणसाचें मत पालटलें तें कांहीं एका दिवसांत नव्हे. काशींतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्यास वादांत जिंकावें म्हणून ते त्याच्याकडे जाऊं लागले, आणि वादासाठीं म्हणून बायबल वाचूं लागले. डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली. दीर्घ अंतःकलहानंतर १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें. धर्मांतरानें वारसाहक्क बुडूं नये असा कायदा १८५० सालीं झाला. त्यापूर्वीं दोन वर्षें हें पाऊल टाकणाऱ्याच्या वांट्यास काय येत असेल हें सांगावयास नको. आप्तांचा वियोग झाला, जातीचा आधार तुटला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई पुढें त्यांना येऊन मिळाली, परंतु १८५३ सालीं जन्मलेली त्यांची कन्या तान्ही असतांनाच ती निवर्तली. ही कन्या एलेन लक्ष्मी एका इंग्रज पाद्र्याच्या कुटुंबांत इंग्लंडांत वाढली, इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नांवाजली आणि १८८० सालीं सेवाकार्यासाठीं हिंदुस्थानांत परतली.

१८५४ सालीं पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांचे पंडित म्हणून नीळकंठशास्त्री इंग्लंडास गेले. तेथें ऑक्सफर्डचे मॅक्समुल्लर यांची व त्यांची भेट झाली. मॅक्समुल्लर यांनीं पुढें आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणींत या भेटीचें वर्णन केलें आहे. ख्रिस्ताच्या देशीं आपण जात आहों या भावनेनें गेलेल्या या माणसास लंडनच्या रस्त्यांवर जें दिसलें त्यानें तो व्यथित झाला होता. पुस्तकांतील धर्म आणि बाजारांतील धर्म यांत त्याला मेळ दिसेना. हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर आपण त्याचे नव्हेत, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या तोंडून निघाले. ज्या धर्मासाठीं त्यानें घरदार सोडलें, त्या धर्माविरुद्धचा सर्वांत कठीण आक्षेप त्याला कोणा पंडितानें घातला नव्हता. तो लंडन शहरानें घातला. न्यायशास्त्राच्या कोणत्याहि अवयवानें त्याचा परिहार होण्यासारखा नव्हता.

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. १८६० सालीं ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ बाहेर पडला व १८६२ सालीं फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. यांत वेदांतावर त्यांचा विशेष रोख आहे. ब्रह्म निर्गुण असून त्यास विषयाचें ज्ञान नसेल तर त्यास चैतन्य कां म्हणावें? अविद्या खोटी म्हणावी तर ती संसार कसा उभा करते, आणि खरी म्हणावी तर अद्वैत कोठें राहिलें? वेदांत्याचें उत्तर ठरलेलें आहे: माया ही सत्हि नव्हे आणि असत्हि नव्हे, ती अनिर्वचनीय होय, आणि व्यवहाराच्या पातळीवरचा प्रश्न परमार्थाच्या पातळीवर विचारूं नये. गोऱ्हे यांस हें उत्तर मान्य नव्हतें, कारण खरें आणि खोटें यांखेरीज अस्तित्वाचा तिसरा प्रकार त्यांच्या बुद्धीस पटत नसे. वाचकानें कोणताहि पक्ष घ्यावा. परंतु दर्शनांचीं मतें मूळ ग्रंथांतून नीट मांडून मगच त्यांवर आघात करण्याची ही रीत त्या काळच्या पुष्कळ प्रचारपुस्तिकांहून निराळी होती, हें कबूल केलें पाहिजे. १८६८ सालीं त्यांनीं अनंत शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर लिहिलें. विसाव्या वर्षीं त्यांनीं स्वतःच घातलेला आक्षेप त्रेचाळीसाव्या वर्षीं त्यांनाच सोडवावा लागला!

त्याच वर्षीं कलकत्त्याचे बिशप मिल्मन यांनीं त्यांना दीक्षा दिली व १८७० मध्यें ते पूर्ण पुरोहित झाले. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चनें चांद्याचें क्षेत्र हातीं घेतलें तें याच सुमारास, आणि त्या कामाच्या आरंभींच्या काळांत गोऱ्हे चांद्यास होते. चांदा शहर मराठी बोलणारें, म्हणून मराठी घराण्यांतला माणूस तेथें पाठविणें सोईचें होतें. परंतु शहराच्या कोटाबाहेर पाऊल टाकतांच देखावा पालटे. दक्षिणेस तेलुगु, पूर्वेस गोंडी व माडिया. मोहाचीं झाडें, पेरसा पेनाची उपासना, गावोगांवचे गोटुल, आणि चार, पांच, सहा, सात देवांप्रमाणें विभागलेलीं कुळें. येथें षड्दर्शनें कोणास ठाऊक होतीं कीं त्यांचें खंडन करावें? काशीच्या घाटावर घडविलेलें शस्त्र कितीहि तीक्ष्ण असलें, तरी या अरण्यांत त्याला प्रतिपक्षच नव्हता.

या लोकांकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टि त्यापूर्वींच नागपुरांत दिसून आली होती. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले व १८४६ सालीं त्यांनीं शाळा काढली. तिच्यांतूनच पुढें त्यांच्या नांवाचें कॉलेज उदयास आलें. हिस्लॉप हे भूगर्भशास्त्राचे जाणते होते. चांदा भागांतील मांगली येथील खडकांतून मिळालेल्या जीवावशेषांमुळें त्यांचें नांव त्या शास्त्रांत राहिलें आहे. परंतु त्याहून महत्त्वाचें काम म्हणजे त्यांनीं गोंडांची भाषा, चालीरीति व लिंगोची दीर्घ कथा ऐकून उतरून ठेविली. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरांत ते बुडून वारले. त्यांचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. उपदेश करण्यास आलेल्या माणसानें आधीं ऐकून घ्यावें, हा धडा त्या टिपणांत आहे. गोंडी परंपरेचे अभ्यासक आजहि त्यांकडे वळतात.

गोऱ्हे यांची प्रकृति मात्र निराळी होती. त्यांचे प्रश्न बाहेरच्यापेक्षां आंतलेच अधिक होते. शंकेनें त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाहीं. जें सिद्ध झालें असें वाटे तें ते पुन्हां उकलून पाहात, आणि दुसऱ्यास पटवून दिलेली गोष्ट त्यांना स्वतःस रात्रीं छळीत असे. १८७६ सालीं ते ऑक्सफर्डजवळील कौली येथील संन्यस्त बंधुसंघांत शिरले. परंतु अंतिम व्रतें घेण्यास आपण पात्र नाहीं या भीतीनें ते नवशिक्यांतच राहिले. राहणी अत्यंत साधी, आहार अल्प, उपास कडक. संन्यासाची जुनी भारतीय कल्पना त्यांनीं नव्या धर्मांतहि टाकली नाहीं. उतारवयांत ते असें प्रतिपादूं लागले कीं, अनन्य भक्ति, वैराग्य आणि नम्रता यांची शिकवण देऊन ईश्वरानेंच हिंदु मनाची पूर्वतयारी करून ठेविली होती. खंडनानें आरंभ केलेला पंडित अखेरीस आपल्या पूर्वजांच्या ऋणाची कबुली देण्यापर्यंत आला. १८९५ सालीं त्यांचें निधन झालें.

त्यांच्या तर्काचें सर्वांत मोठें फळ चांद्यास नव्हे, पुण्यास दिसून आलें. पंडिता रमाबाई ब्राह्म मताकडे झुकल्या होत्या. हें मत हिंदु शास्त्रांतून निघालेलें नसून त्याचें मूळ ख्रिस्ती शिकवणींत आहे, हें गोऱ्हे यांच्या लेखणीनें आपणांस पटविलें, असें रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत नमूद केलें आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु रमाबाई कोणाच्याहि तर्काच्या बंदीवान नव्हत्या. वाँटेजच्या भगिनींशीं व चर्चच्या अधिकाऱ्यांशीं त्यांनीं सिद्धांतांवर पत्रांतून कडाक्याचा वाद केला. माणसाच्या अधिकारापेक्षां आपली सदसद्विवेकबुद्धि त्यांनीं वर ठेविली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत माणसें अन्नान्न करीत असतां त्या तेथें जाऊन शेंकडों अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या, त्यांतून केडगांवचें मुक्तिसदन वाढलें. त्यांच्या धर्मांतरास विरोध करणारे पुष्कळ होते व त्यांच्या आक्षेपांत जोरहि होता. शारदासदनांतील मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून त्यांच्या हितचिंतकांनींहि १८९३ सालीं त्यांची साथ सोडली. तथापि दुष्काळांत उचललेल्या मुलीस कोणत्या दर्शनाचा विजय झाला हें कोणी विचारलें नसेल.

याच मध्य प्रांतांत आणखी एक मराठी विद्वान या मार्गानें गेला. नागपुरांत राहिलेले नारायण वामन टिळक १८९३ सालीं राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका परक्या सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्या सहप्रवाशानें वाद घातला नाहीं. सौजन्यानें वागला, इतकेंच. १८९५ सालीं, म्हणजे गोऱ्हे वारले त्याच वर्षीं, टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें त्यांनीं तर्काचा मार्ग सोडून अभंग आणि कीर्तन यांचा मार्ग धरिला. ‘षड्दर्शनदर्पण’ आज ग्रंथालयांत आहे. टिळकांचीं भजनें मराठी ख्रिस्ती घरांतून म्हटलीं जातात.

चांद्याच्या कामाची पुढची कथाहि याच प्रश्नाभोंवतीं फिरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲलेक्स वुड हे स्कॉटिश पाद्री चांद्यास आले व दीर्घकाळ तेथें राबले. १९२६ सालीं ते नागपूरचे बिशप झाले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांतून निघालेले व्हेरियर एल्विन १९३२ सालीं शामराव हिवाळे यांच्यासह मैकल पर्वतांतील करंजिया येथें गोंडांत राहावयास गेले, तेव्हां त्यांना परवाना देण्याचा प्रश्न वुड यांच्यापुढें आला. राजनिष्ठेची शपथ घ्यावी असा वुड यांचा आग्रह होता. गांधीजींच्या सहवासांतून आलेल्या एल्विन यांनीं ती नाकारली. गोंडांस धर्मांतराचा उपदेश करण्यासहि ते तयार नव्हते. त्यांची सेवा करावी, त्यांचा धर्म त्यांच्यापाशीं राहूं द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९३५ सालीं एल्विन यांनीं चर्चशीं संबंध तोडला. वुड हे अरण्यांत आयुष्य झिजविलेले सेवक होते आणि एल्विनहि तसेच. दोघांतला भेद सेवेचा नव्हता. सेवेच्या मागें कांहीं हेतु असावा कीं नसावा, हा तो भेद होता. हेतु असला तर सेवा ही आमिष ठरते असें एक म्हणतो. जें आपणांस सर्वांत मोलाचें वाटतें तेंच दुसऱ्यापासून लपवून ठेवणें हें कसलें प्रेम, असें दुसरा विचारतो. या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.

१९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन्हीं जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज संख्येनें अल्पच आहे. संख्येच्या मापानें मोजलें तर गोऱ्हे यांची चांद्याची खेप निष्फळ ठरेल. परंतु तें माप त्यांना स्वतःलाच मान्य झालें नसतें, कारण ते बहुमताच्या विरुद्ध एकटे चालत आले होते. त्यांच्या चरित्रांतून उरतें तें दोन प्रकारचें धैर्य. आपण मानतों त्याविरुद्धचा बळकटांत बळकट आक्षेप स्वतःच शोधून काढणें हें पहिलें. आणि त्या आक्षेपाचें उत्तर कागदावर सांपडल्यावरहि, तें आपल्या जगण्यांत आहे काय हें तपासून अस्वस्थ होणें हें दुसरें. पहिल्या धैर्यानें माणूस पंडित होतो. दुसरें धैर्य काशीच्या वादसभेंत किंवा ऑक्सफर्डच्या विद्यालयांत शिकवितां येत नाहीं. तें ज्याच्यापाशीं आहे त्याचा धर्म कोणताहि असो, त्याच्याशीं मतभेद बाळगणाऱ्यासहि त्याचा अनादर करतां येत नाहीं.